खिडकीखालचे केदारीभाऊ

आमच्या घराच्या मागच्या खिडकीखाली रोज दिवेलागणीला एक माणूस येऊन उभा राहायचा आणि माझ्या वडिलांचा खोकला ऐकायचा. चोरून नाही, चांगला राजरोस. हातात काळी छत्री, अंगात दवाखान्याचा पांढरा कोट, पायात गमबूट. श्रावणात लोणावळ्याला धुकं उतरलं की तो पांढरा कोट धुक्यात दिसेनासा व्हायचा आणि नुसती छत्री अधांतरी लटकलेली दिसायची. आत आबा खोकायचे. मग छत्रीखालून आवाज यायचा, "कोरडा." नाहीतर, "आज वला हाय." एवढं बोलून ती छत्री पुढच्या घराच्या खिडकीकडे निघून जायची.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये उभी हयात गेली माझी. दांडी ओढली की सिग्नल पडतो, एवढ्यावरच माझा विश्वास. पण लग्न होऊन आलेल्या वर्षी आमच्या सुमनने पहिल्यांदा ती छत्री पाहिली आणि हातातलं पिठाचं ताट खाली टाकलं, तेव्हा तिला काय समजवावं हे मला सुचेना. "अगं, ते आपले कंपाउंडर आहेत," मी म्हणालो. "मग ते दारातून का नाही येत?" तिने विचारलं. याचं उत्तर मला कितीतरी वर्षांनी कळलं.

यशवंत केदारी हे त्यांचं नाव. मूळ गाव तिकोणा पेठ. बाजारातल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून तरुणपणी लागले ते तिथेच केस पिकवून बसले. अंगाने काटकुळे, मान जरा पुढे आलेली, आणि चालताना गमबुटांचा देखील आवाज होणार नाही अशी चाल. तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलेलं असावं आणि एकदम मानेवर थंडगार बोटं टेकावीत, की समजायचं, केदारीभाऊ आले.

हे मानेचं प्रकरण त्यांनी सगळ्या गावाशी केलं. पेशंट म्हणायचा, "भाऊ, छातीत खोकला आहे." भाऊ छातीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मागे जाऊन, मानेवर जिथे कवटी सुरू होते तिथे दोन बोटं टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "छातीत न्हाई. हितं बसलाय त्यो," ते म्हणायचे. पेशंट खोकायचा विसरून जायचा. काही जण परत दवाखान्यात यायचेच विसरले.

त्या काळी औषधाला बाटली आपली आपण न्यायची. लोहगडवाडीचे लोक डोंगर उतरून यायचे ते अंगातल्या कोपरीत बाटली खोचून. तेलाची, रॉकेलची, दारूची, असेल ती. केदारीभाऊ प्रत्येक बाटलीचा वास घेऊन घरची हकीकत सांगायचे. मग बाटली धुऊन, त्यात औषध ओतून, ते कागदाची पट्टी कापायला बसायचे. ही पट्टी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कागदाची उभी घडी घालून कडेला कात्रीने खाचा करायच्या आणि ती बाटलीवर डिंकाने उभी चिकटवायची. दोन खाचांमध्ये जेवढं औषध तो एक डोस, चांगला पाव फुलपात्राएवढा. निरक्षर माणसालाही चुकायला जागा नाही. इतर कंपाउंडर पट्टी कापताना गप्पा मारतात. केदारीभाऊ श्वास रोखून कापायचे. चिकटवल्यावर बाटली उजेडात धरून बघायचे, आणि देताना प्रत्येकाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणायचे, "खूण म्हंजी खूण. एका टायमाला एकच. वर न्हाई, खाली न्हाई. मला शब्द द्या."

खोकल्याच्या औषधाला शब्द द्यायचा! लोक हसत हसत द्यायचे. मीही दिलाय.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे ते औषधं कालवायचे, तिथे भिंतीवर खंडोबाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, तशाच चौकटीत, एक उभं कापलेलं डोकं होतं. माणसाचं. कुठल्याशा औषध कंपनीचा माणूस गुळगुळीत कागद वाटून गेला होता, त्यावरचं ते चित्र. अर्धं नाक, अर्धी जीभ, कवटीत गुंडाळलेला मेंदू, आणि मेंदूच्या बुडाशी, मान सुरू होते तिथे, एक लाल ठिपका. केदारीभाऊंनी काच लावून घेतली होती. रविवारी खंडोबाला हार घातला की एक फूल या डोक्यालाही मिळायचं. कंदिलाच्या उजेडात तो एक डोळा आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. मी त्या खोलीत पाठ करून बसायचो.

एकदा माझा घसा धरला होता तेव्हा त्यांनी मला त्या चित्रासमोर बसवून शिकवणी दिली. डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं, कागदावर छापलेलं आणि स्वतःच्या मनाचं, असं तिन्ही मिळून त्यांनी एक शास्त्र तयार केलं होतं.

"भाऊ, तुमच्या केबिनीत घंटी वाजती. मंग तुमी काय करता?"

"उठतो आणि दांडी ओढतो."

"तेच. घशात, नळीत, बारीक बारीक बटनं हायती. धूर गेला, कफ आला, का बटन दाबलं जातं. तार मानंमागं जाती. हितं," त्यांची बोटं माझ्या मानेवर आली, "हितं तुमची केबिन. केबिनीतला गडी उठतो, दांडी वडतो, मानूस खोकतो. आता तुमी खोकल्याचं औषध घेतलं. त्ये कुटं जातं?"

"घशात."

"चुकला. त्ये घशाला काय करत न्हाई. त्ये रगतातनं फिरत फिरत केबिनीत येतं. तितं खुर्च्या हायती, लय बारीक. डॉक्टर म्हनत्यात, शास्त्रज्ञांना लय दिवसाचा वहीम हुता का अशा जागा असनार. आता म्हनं सापडल्या. औषध येतं आन त्या खुर्चीत बसतं. त्याचंच माप हाय खुर्चीला, दुसऱ्याचं बसत न्हाई. मंग खाली घंटी वाजतीच हाय. वाजतीच हाय. पन उठनारा कोन न्हाई."

बाहेर धुकं खिडकीला लागलं होतं. मी उगाचच खाकरून बघितलं.

"हे औषध म्हंजी कोन, म्हाईत हाय का? अफूची नात. आमच्या आयबाया शेतावर जाताना पोराला अफू चाटवायच्या, तीच ही. बाटलीत आली, नाव बदललं, खुर्ची तीच. आन भाऊ, खुर्च्या फकस्त डोक्यात न्हाईत. आतड्यात पन हायती. म्हनून तर इचारतो मी."

विचारायचे, हे खरं. भर बाजारात, चार माणसांत, "पोट साफ झालं का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "म्हंजी बसलंय औषध." गावातल्या एका प्रतिष्ठित विधवा बाईंना त्यांनी हा प्रश्न देवळाच्या पायरीवर विचारला, तेव्हापासून त्या डॉक्टर बदलून खंडाळ्याला जायला लागल्या.

"आन एक सांगतो," त्या दिवशी ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "त्याच केबिनीत, भितीपल्याड, श्वासाची जागा हाय. खोकल्याला बसवलेला पाव्हना कवा कवा भित वलांडतो."

त्यांनी लग्न केलं होतं आणि बायको वारली होती, एवढं गावाला माहीत होतं. दुसरं लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "खुर्ची हाय रिकामी. पन तिच्या मापाची हाय." आम्ही केबिनमध्ये यावर पोट धरून हसायचो. मी तर त्यांची नक्कलही करायचो, मानेवर बोटं ठेवून. चांगली जमायची मला.

आता खिडक्यांचं. दवाखाना बंद झाला की केदारीभाऊ छत्री घेऊन निघायचे. बाजार, गवळीवाडा, मग आमची भांगरवाडी. ज्या घरात खोकल्याची बाटली गेली असेल त्या घराच्या खिडकीखाली उभे राहायचे. खोकला ऐकू आला की पुढे. नाही आला, तर येईपर्यंत तिथेच. घरातल्यांनी "या ना आत" म्हटलं तर मान हलवायचे. गवळीवाड्यात एक म्हातारी होती, तिच्या खिडकीखाली ते ओळीने तीन दिवस उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मुलाला म्हणाले, "आयचा खोकला बदललाय. पुन्याला न्या." मुलाने नेलं नाही. म्हातारी त्याच आठवड्यात गेली.

झालं. एवढं पुरलं गावाला. केदारी ज्या खिडकीखाली जास्त वेळ थांबतो तिथून माणूस जातं, असं पक्कं झालं. दिवेलागणीला खिडक्या धडाधड बंद व्हायला लागल्या. खोकणाऱ्या पोरांची तोंडं आया पदराने दाबायच्या. एका घरच्या बाईने त्यांच्या उभं राहण्याच्या जागी नारळ, लिंबू आणि हळदकुंकू ठेवलं. केदारीभाऊंनी तो नारळ कानाशी हलवून बघितला आणि खिडकीतून आत दिला. "चांगला हाय, चटणीला घ्या," म्हणाले. त्या बाईला दोन दिवस ताप.

मला या सगळ्याची गंमत वाटायची. आबा आजारी पडेपर्यंत.

आबा म्हणजे माझे वडील. सुदुंबऱ्याची शेती भावाच्या हवाली करून ते तरुणपणी रेल्वेत आले आणि वाफेच्या इंजिनावर कोळसा ओढण्यात त्यांनी सगळी उमेद घालवली. निवृत्त झाले तेव्हा छातीत अर्धा डोंगर कोळसा असावा. पावसाळा आला की खोकला सुरू व्हायचा. त्या वर्षी तो थांबेचना. रात्र नाही, दिवस नाही. खोल, घरघरणारा खोकला, की ज्याने भांडी किणकिणावीत. चार दिवस मी झोपलो नव्हतो, आणि धुक्याचे दिवस म्हणजे केबिनमध्ये डोळ्यात तेल घालून बसायचे दिवस. सिग्नल दिसत नाहीत म्हणून रुळावर फटाके ठेवतात. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाम होतं आणि ड्रायव्हरला कळतं. एका सकाळी त्या फटाक्याने मी जागा झालो. म्हणजे घंटी वाजत होती आणि मी खुर्चीत झोपलो होतो. काही झालं नाही, दोन मिनिटांचा उशीर. पण पुढची खेप तशीच निभावेल याची खात्री नव्हती.

तसाच तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टर व्हिजिटला गेले होते.

"भाऊ, आबांचा खोकला बंद करा."

"वला हाय," केदारीभाऊ म्हणाले. "वला खोकला दाबायचा न्हाई. आत साचलंय त्ये भाईर काडाया खोकत्यात त्ये. पातळ करायचं औषध दिलंय डॉक्टरनी. वाफ द्या."

"मला झोप पाहिजे हो! मी झोपलो तर गाड्या आपटतील!"

त्यांचा चेहरा असा काही झाला, जणू मी त्यांच्या थोबाडीत दिली असावी. "झोप," ते म्हणाले, आणि बराच वेळ हातातली कात्री उघडमीट करत राहिले. "केबिनीत बदली मानूस मागा. हितं झोपाया या. पन खोकला मी दाबनार न्हाई, भाऊ."

मला संताप आला. दोन शब्द बोललोही, ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पुण्याला गेलो आणि ओळखीच्या दुकानातून खोकल्याच्या औषधाची बाटली आणली. दाट, गोड, लालसर. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, दिवसातून तीनदा एक छोटा चमचा. मी ते वाचलं. हे मुद्दाम सांगतो, की मी ते वाचलं होतं.

आबांनी बाटलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "केदारीच्या बाटलीतलं न्हाई त्ये. आपुन न्हाई घ्यायचो."

म्हातारा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाला ऐकत नसे. मग मी युक्ती केली. स्वयंपाकघरात गेलो, केदारीभाऊंची रिकामी बाटली घेतली, त्यांच्या हातची कापलेली पट्टी तिला तशीच चिकटलेली होती. पुण्याचं औषध त्यात ओतलं. सुमनलाही सांगितलं नाही. बाटली आबांच्या उशाशी ठेवली आणि म्हणालो, "आबा, केदारीभाऊंनी नवीन दिलंय. दिवसातून तीनदा." आपल्या अकलेवर मी खूश होतो.

पुढच्या दिवशी सकाळी आबांनी घेतलं, दुपारी घेतलं. जेवणं झाल्यावर घरात शांतता पसरली. काय ती शांतता! मी पडलो तो मेल्यासारखा झोपलो.

चारच वाजले असतील, पण धुकं इतकं दाटलं होतं की सुमनने कंदील लावला होता. तिनेच मला हलवून उठवलं. "अहो, तो आलाय. केव्हाचा उभा आहे."

खिडकीबाहेर छत्री होती. दिवा लागला म्हणजे दिवेलागण झाली, हा त्यांचा हिशेब असावा.

"केव्हाचा म्हणजे?"

"मी भांडी घासायला बसले तेव्हापासून. भांडी झाली, तांदूळ निवडले. हलत नाहीये." गवळीवाड्याची म्हातारी तिच्या मनात होती, माझ्याही मनात होती, पण मी तोंडाने तसं म्हणणार नव्हतो.

मी खिडकीशी गेलो. "भाऊ, आज खोकला नाही. थांबलाय. जा तुम्ही."

छत्री हलली नाही. "कशानं थांबला?"

"थांबला, बस."

"वला खोकला आपसूक थांबत न्हाई." मग त्यांनीच विचारलं, "आबांचा श्वास आइकू येतोय का तुमाला? मला न्हाई येत."

मी मागे वळून बघितलं. आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पांघरूण वर गेलं. मी वाट बघत राहिलो. ते खाली यायला फार वेळ लागला.

तेवढ्यात दार ढकलून केदारीभाऊ आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. छत्रीसकट, चिखलाच्या बुटांसकट, थेट आबांच्या अंथरुणावर. दोन बोटं मानेवर, दुसऱ्या हाताने पापणी वर केली. "कंदील," ते म्हणाले. मी कंदील धरला. आबांच्या डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती. केदारीभाऊंनी उशाशी बघितलं. बाटली उचलली, वास घेतला, मग कंदिलासमोर धरली. स्वतःची पट्टी त्यांनी ओळखली. त्या पट्टीवर दोन खुणा खाली झाल्या होत्या.

मला तेव्हा कळलं. केदारीभाऊंची एक खूण म्हणजे पुण्याच्या औषधाचे पाच-सहा चमचे. आबांनी कधी चमचा वापरलाच नव्हता. त्यांनी दिलेला शब्द पाळला होता. एका टायमाला एकच खूण.

"भाऊ, मी..."

"मंग बोला. आता उटवा त्यास्नी. वैनी, डॉक्टरला आना, पळत जावा."

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. आबांना भिंतीला टेकवून बसवलं. मी ओल्या फडक्याने तोंड पुसत होतो, कानाची पाळी चिमटत होतो, ओरडत होतो. आबा डोळे उघडायचे, "आँ?" म्हणायचे आणि पुन्हा आत कुठेतरी बुडायचे. श्वास मिनिटाला सहा. केदारीभाऊ त्यांच्या समोर गुडघे टेकून बसले होते आणि अगदी शांत आवाजात सांगत होते, "आबा, घ्या." आबा घ्यायचे. "सोडा." सोडायचे. "घ्या." सांगितलं नाही तर घेत नव्हते. बाहेर कुठेतरी रुळावर फटाका वाजला, मग दुसरा. माझी केबिन, माझी घंटी, कुणी दुसरा उठला असेल. इथे मात्र आत उठणारं कुणी नव्हतं आणि एक कंपाउंडर बाहेर बसून दुसऱ्याचा श्वास ओढत होता. डॉक्टर आले, दोन सुया दिल्या, नाडी धरून बसले आणि म्हणाले, "केदारी, थांबू नका." ते थांबले नाहीत. त्यांचा आवाज बसला तरी ओठ हलतच होते.

साडेसात वाजता आबांच्या छातीत काहीतरी घरघरलं. ते पुढे वाकले आणि खोकले. एकदा, दोनदा, मग सगळं घर हलेल असे. फळीवरची भांडी किणकिणली. मी त्या खोकल्याला किती शिव्या दिल्या होत्या! मी आबांच्या पायावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो.

"वला," केदारीभाऊ म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

ते पायरीवर बसले होते. मी चहा नेला. माफी मागायला तोंड उघडलं, पण आधी तेच बोलले.

"सगुणा माजी बायकू. सा वर्सं झालती लग्नाला. छातीचा रोग तिला. रातभर खोकायची. मी नवा नवा कंपाउंडर, सकाळी दवाखाना उघडायचा आसायचा. चार राती डोळ्याला डोळा न्हवता माज्या. मंग मीच बाटली भरली. मीच पट्टी कापली. म्हनलो, एका टायमाला एकच खूण घे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्या दिवशी म्हनली, आज तुमी झोपा वो निवांत. आन मी झोपलो. लय ग्वाड झोप लागली बगा, भाऊ. तशी झोप मला कवाच न्हाई लागली. सकाळी जाग आली ती आवाजानं न्हाई. आवाजच न्हवता. बाटली बगितली, तर दोन खुणा खाली."

धुकं पायरीपर्यंत आलं होतं. त्यांचे गमबूट त्यात दिसत नव्हते.

"माज्या झोपंसाटी," ते म्हणाले.

मी विचारलं, "म्हणून खिडक्या?"

"खोकला आइकला म्हंजी मानूस हाय. मंग मी घरला जातो." त्यांनी कप खाली ठेवला. "आत न्हाई येत. आत आलं का घरचं मानूस मला बगून खोकला दाबतं. तीबी दाबायची."

सगळा गाव समजत होता की हा माणूस खिडकीखाली मरण घेऊन येतो. मी नक्कल करायचो त्याची. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आबा त्यानंतर तीन पावसाळे जगले. पुढच्या श्रावणात त्यांचा खोकला जवळजवळ नव्हताच, पण दिवेलागणीला छत्री यायचीच. आबा अंथरुणातून विचारायचे, "आला का रं त्यो?" मी हो म्हटलं की आबा छाती भरून घ्यायचे आणि जोरात खोकून दाखवायचे. बाहेरून आवाज यायचा, "खोटा हाय. पन चालंल." आणि छत्री निघून जायची. आबा दिवसभर त्या खोकल्याची तयारी करायचे. सुमन आता ती वेळ झाली की खिडकी सताड उघडून ठेवायची.

आबा गेल्यावर खिडकी रिकामी झाली. केदारीभाऊही थकले होते, दवाखाना सुटला होता. बाजाराच्या मागे एका खोलीत एकटे राहायचे. फिरणं मात्र सोडलं नव्हतं. आणि मग एका भाद्रपदात, धुक्याचे दिवस, ओळीने तीन संध्याकाळ गावात कुठेच छत्री दिसली नाही. गवळीवाड्यात नाही, भांगरवाडीत नाही. कुणाला चुकल्यासारखं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

ड्यूटीवरून सुटलो आणि घरी न जाता त्यांच्या खोलीकडे गेलो. दाराशी गेलो आणि हात वर केला, तो खाली आला. आत गेलो तर खोकला दाबतील. मग मी मागच्या बाजूला गेलो आणि छत्री उघडून त्यांच्या खिडकीखाली उभा राहिलो.

आत दिवा होता, आवाज नव्हता. मी कान दिला. पन्हळीतून पाणी ठिबकत होतं, दूर घाटात गाडीची धडधड चालली होती. ते रोज कशासाठी उभे राहायचे, एवढं सगळं ऐकून देखील मला तोवर कळलं नव्हतं. शेजारच्या खिडकीत एक बाई आली, धुक्यातली माझी छत्री बघितली आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून एक खोकला आला. बारीक, दमलेला. मी डोळे मिटले. कोरडा.

"भाऊ," आतून आवाज आला, "हाय मी. घरला जावा आता."

मी गेलो नाही. दाराकडे वळलो आणि आत गेलो.